मॅथ डॉट एचमध्ये स्वतःचे मॅक्रो घातले तरी लायब्ररी स्टँडर्डला धरून राहते का?

तुम्ही सर्किट बोर्डासोबत स्वतःची सी लायब्ररी देताय, तिच्या मॅथ डॉट एच या गणिताच्या हेडर फाइलमध्ये पायची किंमत आणि अंशाचे रेडियन करणारा मॅक्रो (ज्याच्या जागी कंपाइलआधी दुसरा मजकूर बसतो असं नाव) घालायचाय, आणि वर ती 'स्टँडर्डला', म्हणजे सी भाषेच्या आयएसओ नियमावलीला, 'धरून' असंही म्हणायचंय. जमेल, पण नावं उघडी ठेवून नाही.

हाच उद्योग मी नवी मुंबईत महापेला नोकरीत असताना करून बसलोय. हेडरमध्ये सरळ 'पीआय' डिफाइन केलं. आठवड्याभरात रबाळ्याच्या गिऱ्हाइकाचा फोन: नवी लायब्ररी टाकल्यापासून कोड कंपाइलच होत नाही. त्यांच्या एनममध्ये, म्हणजे नाव दिलेल्या आकड्यांच्या यादीत, तीन नावं होती, एआय, डीआय, पीआय. म्हणजे अ‍ॅनालॉग इनपुट, डिजिटल इनपुट, पल्स इनपुट. मॅक्रोंच्या जागी मजकूर बसवणाऱ्या प्रीप्रोसेसरने तिसऱ्याच्या जागी ३.१४१५९ आणून बसवलं आणि कंपायलर अडला, इथे नाव पाहिजे, आकडा कुठून आला?

चूक माझीच. लायब्ररीने जादा काही द्यायला स्टँडर्डची हरकत नाही, फक्त नियम काटेकोर पाळणाऱ्या प्रोग्रामचं वागणं त्याने बदलता कामा नये. 'पीआय' हे नाव प्रोग्राम लिहिणाऱ्याचं. आपल्यासाठी राखीव नावं म्हणजे सुरुवातीला दोन अंडरस्कोर, किंवा एक अंडरस्कोर आणि लगेच कॅपिटल अक्षर असलेली. तिथे काय हवं ते करा.

साधंच नाव हवं असेल तर ते इफडेफच्या आड ठेवा, म्हणजे प्रोग्रामने ठरावीक नाव डिफाइन केलं तरच ते दिसेल. 'एम_पीआय'सुद्धा आयएसओ सीमध्ये नाही, तो पॉझिक्सकडचा, म्हणजे युनिक्स-प्रणालींच्या स्टँडर्डमधला. लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीवर जीसीसी कंपायलरला 'सी९९' हा काटेकोर मोड दिला की तो गायब होतो, 'जीएनयू९९' हा सैल मोड दिला की दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर त्यासाठी '_यूझ_मॅथ_डिफाइन्स' आधी लिहावं लागतं.

या 'आधी'पायीच माणसं तासन्‌तास डोकं खाजवतात. दुसऱ्या कुठल्या हेडरने मॅथ डॉट एच आधीच आत ओढलं असेल, तर मागाहून केलेलं डिफाइन वाया जाऊ शकतं. म्हणून ते मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कंपायलरच्या 'डॅश डी' पर्यायाने द्यायला सांगा.

खरं तर मी वेगळं हेडरच देईन. ज्याला हवं तो इन्क्लूड करेल, मॅथ डॉट एचला हात लावायचं कारणच उरत नाही.

आणि स्टँडर्डबाहेरच्या गोष्टींवर इशारा देणाऱ्या कंपायलरच्या पेडँटिक फ्लॅगवर विसंबू नका, अशी घुसखोरी तो पकडत नाही. त्यापेक्षा सगळी स्टँडर्ड हेडर्स इन्क्लूड करून खाली 'इंट पीआय;' लिहिलेली फाइल काटेकोर मोडमध्ये कंपाइल करा. आमच्याकडे ती फाइल रबाळ्याच्या फोननंतर बिल्डमध्ये आली.