‘अजून काय असू शकतं?’ या प्रश्नाला गप्प होत असाल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्टिओपॅथीचं (मणके, सांधे, स्नायूंवर हातांनी उपचार करण्याच्या पद्धतीचं) तिसरं वर्ष चालू आहे, कंबरदुखीची कारणं तोंडपाठ आहेत, पण क्लिनिकमध्ये ट्यूटरनी "अजून काय असू शकतं?" विचारलं की काहीच सुचत नाही. मग यादी आणखी घोकायची की पाल्पेशनवर, म्हणजे हातांनी चाचपून तपासण्यावर, मेहनत घ्यायची? माझ्या मते सध्या दोन्ही बाजूला ठेवा.

यादी ऐनवेळी आठवत नाही, कारण ती आजारांच्या नावांनी पाठ केलेली असते आणि रुग्ण कधी नाव घेऊन येत नाही. तो म्हणतो, "थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात." वय पासष्ट, कंबरही अधूनमधून दुखते. इथे पंचवीस नावं लागतच नाहीत. आधी दोन पुरेत: कंबरेच्या मणक्यांतली नलिका अरुंद झाली आहे, किंवा पायांच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत. आता या दोघांना वेगळं करणारा प्रश्न शोधा. चालायचं थांबून नुसतं उभं राहिलं तर बरं वाटतं का, की बसावं किंवा पुढे वाकावंच लागतं? धमन्यांचा त्रास असेल तर उभं राहूनही काही मिनिटांत पाय मोकळे होतात. नलिकेचा असेल तर उभं राहून भागत नाही, कारण उभं असताना कंबर मागे झुकलेलीच राहते आणि नलिका आणखी आवळते. सायकलचं विचारा. पुढे वाकून सायकल चालवायला नलिकेचा रुग्ण सहसा कुरकुरत नाही, धमन्यांच्या रुग्णाची पोटरी तिथेही दुखते. चढ आणि उतार यांत जास्त त्रास कशाचा, हेही विचारा. मग पावलांच्या नाड्या बघायच्या, आणि नितंबाचा सांधा आत वळवून बघायचा, कारण जांघेत दुखणारा खराब सांधासुद्धा याच वयात याच वेषात येतो. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, तेव्हा एक सापडला म्हणून दुसरा लगेच खोडू नका.

हे सगळं कंबर चाचपण्याआधी होतं, आणि माझा मुख्य मुद्दा तोच आहे. आपल्या प्रशिक्षणाचं जे बळ आहे तेच डिफरन्शियलच्या, म्हणजे शक्य आजारांतून एकेक वगळत जाण्याच्या, आड येतं. टिश्यूचा पोत, असमानता, हालचालीतली अडचण आणि दुखरेपणा शोधायला आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात, आणि शोधलं की सापडतंच. पासष्ट वर्षांच्या कुठल्याही कमरेत एखादा मणका अडकलेला, एखादा स्नायू ताठलेला हाताला लागणार. ते खरंही असेल. पण म्हणून तेच पाय भरून येण्याचं कारण ठरत नाही. एकदा बोटांना काही लागलं की मन पुढचे प्रश्न विचारायचं सोडून देतं. म्हणून रुग्णाला टेबलावर घेण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. सर्वात शक्य काय, चुकवून चालणार नाही असं काय, आणि या भागाच्या बाहेरून येणारं काय. प्रत्येकापुढे एक गोष्ट लिहा जी सापडली तर तुम्ही ते नाव खोडाल. खोडण्याची अट लिहिता येत नसेल, तर तो आजार तुम्हाला अजून नीट कळलेला नाही. वाचायला घ्यायचा तो आधी.

तिसरी ओळ बहुतेक जण कोरी सोडतात. उजव्या खांद्याच्या टोकाला दुखतंय, आणि खांद्याच्या सगळ्या हालचाली पूर्ण व विनात्रास होतात. मग खांदा चाचपत बसण्यात अर्थ नाही, पित्ताशय आणि डायाफ्रामकडे (छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याकडे) वळा. डायाफ्रामची नस, फ्रेनिक नर्व्ह, मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते, म्हणून दुखणं तिथे उमटतं. जेवणानंतर वाढतं का, ताप येतो का, खोल श्वासाला लागतं का, हे विचारा. अवयवाच्या त्रासाने पाठीच्या ठराविक पातळीवर बदल जाणवतात हे आपण शिकतो, पण तो धडा मुलं उपचाराच्या खात्यात टाकतात. छातीच्या वरच्या मणक्यांपाशी डावीकडे काही लागलं, तर त्याचा उपयोग हृदयाबद्दल चार प्रश्न विचारण्यापुरता. त्यावरून निदान करायचं नाही.

रेड फ्लॅगबद्दल, म्हणजे गंभीर आजाराची शंका आणणाऱ्या खुणांबद्दल, मुलं दोन टोकांना जातात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नव्याने कंबर दुखू लागलेले 1172 रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे 80 टक्के लोकांत किमान एक रेड फ्लॅग होता. गंभीर आजार निघाला फक्त 11 जणांत, आणि त्यातले 8 मणक्याचे फ्रॅक्चर होते. म्हणजे एकटं वय किंवा एकटं रात्रीचं दुखणं यावरून घाबरायचं कारण नाही. काय काय एकत्र जुळतंय ते पाहायचं. कॉडा इक्विनाला (मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दाबला जाण्याला) मात्र हा हिशोब लावू नका. तिथे एक उत्तर जरी खटकलं तरी त्याच दिवशी इमर्जन्सीत पाठवायचं. लाजून प्रश्न गुळमुळीत होतो, म्हणून वाक्य पाठच करा: "शौचानंतर धुताना-पुसताना तिथला स्पर्श नेहमीसारखा कळतो का? लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का, किंवा भरल्याचं कळतच नाही असं होतं का?" नुसतं "लघवीचा काही त्रास?" विचारलंत तर बहुतेक जण "नाही" म्हणून मोकळे होतात.

सरावासाठी एक युक्ती सांगतो. पाहिलेल्या रुग्णाची थोडी माहिती बदला आणि तीन ओळी पुन्हा लिहा. तीच कंबर, पण वय अठ्ठावीस, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त, हालचालीने बरं वाटतं, आणि पहाटेच्या सुमारास दुखून जाग येते. आता अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्यांना सूज आणणारा संधिवात) यादीत वर सरकायला हवा. तो का सरकला हे तुम्हाला बोलून सांगता आलं, की घोकण्याची गरज उरत नाही.

"उपचार करून बघू, बरं वाटलं तर तेच होतं" या वाटेला जाऊ नका. साधी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआपही कमी होते, त्यामुळे बरं वाटणं हा पुरावा धरता येत नाही. किती दिवसांत काय बदल अपेक्षित आहे ते आधी लिहा, आणि तो दिसला नाही तर कुणाकडे पाठवणार तेही. अमेरिकेतला डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो, तपासण्या स्वतः सांगू शकतो. ब्रिटनमधल्या ऑस्टिओपॅथला बरेचदा दुसऱ्याकडे पाठवावं लागतं. विचार करण्याची रीत दोघांची एकच, फक्त शेवटचं पाऊल वेगळं.

ट्यूटरपुढे नावांची माळ लावू नका. "मला हे सर्वात शक्य वाटतं, कारण हे, हे वगळायचंय, त्यासाठी आता हे तपासतो," एवढंच सांगा. त्यांनी चौथं नाव काढलं, तर रुग्णाच्या कुठल्या वाक्यावरून ते सुचलं तेवढं विचारून घ्या आणि वहीत नावाऐवजी ते वाक्य लिहा.