मैदानातले प्रश्न : लीगचा सॉफ्टबॉल आणि देशाचा सॉफ्टबॉल

प्रश्न : मी अकरावीत आहे, शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते. अमेरिकेतल्या महिला लीगचे सामने मोबाइलवर बघते. लीगमध्ये सतत होमरन मारणाऱ्या खेळाडू देशाकडून खेळताना थंड का पडतात? मग खरा दर्जा कुठला मानायचा? (एक वाचक, दापोली)

उत्तर : आधी कागदावर हिशेब मांड. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेले दोन्ही संघ एकूण ६ सामने खेळले. सामना ७ इनिंगचा (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेकदा बॅटिंग), त्यामुळे एका बॅटरच्या वाट्याला एका सामन्यात साधारण ३ टर्न येतात. म्हणजे अख्ख्या स्पर्धेत १८. त्यात ३ हिट (चेंडू मारून बेस गाठणं) बसले तर सरासरी ०.१६७ आणि ६ बसले तर ०.३३३. एकीवर ‘फॉर्म गेला’ असा शिक्का बसतो, दुसरीचा फोटो छापून येतो, आणि दोघींत अंतर फक्त तीन चेंडूंचं. अमेरिकेत २०२५ साली सुरू झालेल्या अॅथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीगमध्ये पहिल्या मोसमात चार संघ होते आणि प्रत्येकाला २४ सामने. तिथे तीच बॅटर सत्तरेक वेळा प्लेटवर, म्हणजे बॅटिंगला येते. दोन वाईट दिवस त्यात सहज भरून निघतात.

दुसरी गोष्ट समोरच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणारीची. थोडेच संघ म्हटल्यावर तीच पिचर पुन्हा पुन्हा भेटते. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत बॅटरला तिचा राइज बॉल कुठल्या उंचीवरून उठतो, चेंजअप (मुद्दाम हळू सोडलेला चेंडू) टाकताना मनगट कसं वळतं, हे ओळखू येतं. जागतिक स्पर्धेत अनोळखी पिचर एकदाच भेटते आणि तेवढ्यात निकाल लागतो. पिचिंगचं अंतर १३.११ मीटर, म्हणजे ४३ फूट. पण चेंडू सुटतो तेव्हा पिचरचा पाय पुढे पडलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात साडेअकरा मीटरच धर. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू हे अंतर ०.३८ सेकंदात कापतो. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूलाही बॅटपर्यंत यायला ०.४५ सेकंद लागतात. एवढ्या वेळात चेंडू बघून ठरवणं जमत नाही, आधीची ओळखच कामी येते.

पिचर वापरण्याची रीतही दोन्हीकडे वेगळी. लीगमध्ये पुढचा आठवडा डोळ्यांसमोर ठेवून खांदा जपतात. देशाकडून खेळताना उद्याचा सामना मिळेलच असं नसतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने २० ऑगस्टच्या एकाच दिवशी दोन सामन्यांत मिळून २१ इनिंग टाकल्या. पहिला सामना अमेरिकेविरुद्ध ९ इनिंगपर्यंत लांबला आणि जपान हरला, दुसरा ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ इनिंगचा झाला आणि जिंकला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात पुन्हा तीच उभी राहिली आणि जपानने अमेरिकेला ३-१ हरवलं. दोन दिवसांत ४१३ चेंडू. कुठलीही लीग आपल्या पिचरला असं राबवणार नाही, आणि राबवूही नये.

दर्जाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. खेळाडू घडते ती लीगमध्ये, देशाच्या संघात तिची परीक्षा होते. बीजिंगनंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून गेला, २०१२ आणि २०१६ ला नव्हता. जपानची कंपन्यांच्या संघांची लीग मात्र दरवर्षी चालू राहिली. २०२१ साली टोकियोत खेळ परतला तेव्हा ३९ वर्षांची उएनो अंतिम सामन्यात पिचिंग करत होती आणि जपानने अमेरिकेला २-० ने हरवलं. अमेरिकेच्या संघातली पिचर मोनिका अॅबट कित्येक वर्षं जपानमध्येच टोयोटाकडून खेळत होती, त्यामुळे जपानी बॅटरना तिचा वेगवान चेंडू घरचाच झाला होता. त्या लीगला २०२२ पासून जेडी लीग म्हणतात. १६ संघ आहेत, पूर्व आणि पश्चिम विभागात ८-८. मोसम वसंतात सुरू होतो, भर उन्हाळ्यात थांबतो आणि शरदात पुन्हा चालू होतो. त्या मधल्या सुट्टीत देशाचा संघ खेळायला मोकळा असतो. वेळापत्रक आखण्यातली ही समज आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुली गावच्या सामन्यांत छान मारतात, पण विभागीय स्पर्धेत आणि निवड चाचणीत चेंडू बॅटला लागत नाही. सराव कसा बदलावा? (क्रीडाशिक्षिका, देवगड)

उत्तर : आपल्याकडच्या मुली टेनिस बॉलच्या अंडरआर्म क्रिकेटवर वाढलेल्या असतात, त्यामुळे नजर तयार असते. अडचण दोन ठिकाणी येते. बॅट खालून सरळ वर येते, क्रिकेटच्या ड्राइव्हसारखी. सॉफ्टबॉलची बॅट गोल, जाड भागाला जास्तीत जास्त ५.७ सेंटिमीटर. तशी आणली तर चेंडू वरच्या कडेला लागून कॅचरच्या डोक्यावरून मागे उडतो. आधी कंबर वळली पाहिजे, मग हात. दुसरी अडचण उशिराची. मुली चेंडू सुटायची वाट बघतात आणि मग पाय टाकतात. पिचरचा हात गोल फिरताना डोक्यावर आला, की बॅटरचं वजन मागच्या पायावर गेलेलं हवं. चेंडू सुटताना पुढचा पाय टेकत आलेला हवा.

वेगवान पिचर गावात मिळणार नाही. त्यावर उपाय अंतराचा आहे. टेनिस बॉल घ्या, ताशी ६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जोरात पण सहज जमेल असा, सव्वासहा मीटरवरून अंडरआर्म टाका. वेळ तेवढीच मिळते, ०.३८ सेकंद. खात्री करायची तर मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत नव्वदच्या आसपास फ्रेम भरल्या पाहिजेत. ११० भरल्या तर मीटरभर पुढे या. टाकणारीने हेल्मेट घालावं आणि समोर जाळी लावावी.

आणि मोजून टर्न द्या. आठवड्याला प्रत्येकीला १८ टर्न, दर दोन-तीन टर्नला पिचर बदलायची, निकाल वहीत लिहायचा. शंभर चेंडू मारण्याच्या सरावात पहिल्या चेंडूची किंमत कळत नाही, आणि निवड चाचणीत हातात येतात दोन-तीनच टर्न. बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू जवळच पाडणं, जरूर घोटून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमाने बरोबरी झाली की ८व्या इनिंगपासून रनर दुसऱ्या बेसवर ठेवूनच खेळ सुरू होतो, तिथे एक नीट बंट तिला तिसऱ्या बेसवर नेतो. वरचा हात बॅटच्या जाड भागापर्यंत सरकवा, बोटं बॅटच्या मागे, बॅटचं टोक मुठीपेक्षा थोडं वर, आणि उंचीचा फरक गुडघ्यातून घ्या. बॅट पुढे ढकलली की चेंडू सरळ पिचरच्या हातात जातो. तो नुसता थोपवायचा.

प्रश्न : मुलगी राज्य पातळीवर खेळते. सॉफ्टबॉलवर तिचं पोट भरेल का? (पालक, अलिबाग)

उत्तर : आपल्या देशात महिलांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग नाही, त्यामुळे लीगच्या पगाराच्या भरवशावर शिक्षण थांबवू नका. अमेरिकेतही हे उत्पन्न फार काळ डळमळीतच राहिलं. तिथली नॅशनल प्रो फास्टपिच लीग २००४ पासून चालली आणि २०२१ मध्ये बंद पडली. त्याच लीगमध्ये २०१६ साली अॅबटचा सहा वर्षांचा दहा लाख डॉलरचा करार गाजला, पण त्यातला मोठा भाग प्रेक्षकसंख्येवर मिळणाऱ्या बोनसचा होता. जपानमध्ये संघ कंपन्यांचे असल्यामुळे खेळाडूमागे नोकरीचा आधार असतो.

आपल्याकडचा आधार म्हणजे सरकारी नोकऱ्यांतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. त्यासाठी कुठली स्पर्धा आणि कुठला क्रमांक चालतो, ते पदाच्या गटावर ठरतं आणि नियम बदलत असतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालू शासन निर्णय मागून घ्या. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते. अर्ज भरायच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा प्रमाणपत्र हातात पडलं की लगेच पडताळणीला टाका. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख दहावीच्या कागदाशी जुळते ना, ते मैदानावरच बघून घ्या. नंतर दुरुस्ती फार छळते. स्पर्धेची खेळाडू-यादी आणि निकालपत्रकाची प्रतही जपून ठेवा.

प्रश्न : लीगचं आणि आंतरराष्ट्रीय मैदान सारखंच असतं का? आम्हाला गावात आखायचं आहे. (मंडळाचे कार्यकर्ते, गुहागर)

उत्तर : बेसमधलं अंतर १८.२९ मीटर आणि पिचिंगचं १३.११ मीटर, ही दोन मापं अमेरिकन लीगमध्येही तीच. आखताना काथ्याची दोरी वापरू नका, ती ताणते. स्टीलची मोजपट्टी घ्या. होम प्लेटच्या मागच्या टोकाला खिळा ठोका, दुसऱ्या बेसच्या दिशेने २५.८६ मीटरवर दुसरा. दोन्ही खिळ्यांवरून १८.२९ मीटरचे कंस काढा, ते जिथे छेदतात तिथे पहिला आणि तिसरा बेस. या दोन्ही बेसच्या गाद्या रेषेच्या आत बसतात, दुसऱ्याची गादी मात्र खिळ्यावर मधोमध. पिचरची पट्टी बरोबर मध्यावर ठेवण्याची चूक सगळीकडे दिसते. तिची पुढची कड होमच्या टोकापासून १३.११ मीटरवर हवी, आणि मध्य येतो १२.९३ वर. म्हणजे पट्टी मध्यापासून १८ सेंटिमीटर मागे.

कातळावर आखू नका. तिथे खिळा बसत नाही आणि स्लाइड केली की गुडघ्याची साल जाते. भात कापून झालेला मळा चांगला, पण बेसच्या वाटेवरचे खुंट आधी विळ्याने जमिनीलगत कापा आणि बांध आउटफिल्डच्या बाहेर राहील असं बघा. फक्की सकाळी दव वाळल्यावरच मारा, ओल्यात ती पसरते आणि रेष हातभर रुंद होते.