थाइम, टाइम आणि ओव्याचं फूल

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: पाककृती मराठीत लिहिताना 'थाइम' (thyme) या परदेशी, सुगंधी पाल्याला ओवा म्हटलं तर चालेल का? आणि उच्चार थाइम की टाइम?

उच्चाराचं आधी सांगते. इंग्रज 'टाइम'च म्हणतात, त्यातला 'एच' मुका. तरी लिहिताना मी 'थाइम' लिहीन. लंडनच्या नदीला ते टेम्स म्हणतात, आपण थेम्स लिहीत आलोच आहोत. शिवाय 'थोडा टाइम घाला' वाचताना कोणीही अडखळेल.

ओवा मात्र म्हणू नका. ओवा बियांसारखा वापरायचा, जिरं-बडीशेपेच्या कुळातला. थाइम भूमध्य समुद्राकडचा, बारीक पानांचा, तुळस-पुदिन्याच्या कुळातला. चमचाभर थाइमच्या जागी कुणी चमचाभर ओवा टाकला, तर सूप जिभेला झोंबेल.

पण ताईंना ओवाच का आठवला, हे महत्त्वाचं. दोन्हींत थायमॉल हे उग्र वासाचं द्रव्य आहे. 1719 साली कास्पर नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते थाइममधून वेगळं काढलं, म्हणून नावही थाइमवरून पडलं. आपल्याकडे तेच द्रव्य ओव्यातून निघतं आणि त्याला आपला शब्द आहे: ओव्याचं फूल. किती सुंदर! ते फूल नव्हे, पांढरे स्फटिक. ठाण्याच्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानात मागून बघा. माझी आजी ते कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर (म्हणजे मेंथॉल) बाटलीत घालायची. तिन्ही कोरडे खडे, पाणी एक थेंब नाही, तरी हलवता हलवता पातळ व्हायचे. झाली अमृतधारा, घरगुती औषध. तो वास ज्याच्या नाकात आहे, त्याला थाइमची बाटली उघडताच ओवा आठवणारच.

पर्याय सुचवायचा तर पानओवा सुचवा, ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो. तो थाइमच्याच कुळातला. माझ्या बाल्कनीत कुंडी आहे. पान नुसतं चुरडलं तरी बोटांना बराच वेळ वास राहतो. त्यामुळे बेतानेच घ्यावा. मी कृतीत असं लिहिते: 'थाइम अर्धा चमचा, नसल्यास पानओव्याचं अर्धं पान, बारीक चिरून.'

आणि हो, लिंग. ओवा, पुदिना, तसाच 'तो थाइम'. 'थाइम घातली' कानाला खटकतं.