गोल्फचा स्विंग शिकताना आधी चेंडू काय सांगतो ते बघा

पहिले दोन महिने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (गोल्फची काठी), बॅगेतच राहू द्या. ७ नंबरची आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) घ्या आणि ५०च चेंडू मारा, पण प्रत्येक चेंडू कुठे निघाला, कुठे वळला हे बघून.

चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, जिकडे असेल तिकडे. वळतो तो फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. उजव्या हाताने खेळताना चेंडू सरळ निघून उजवीकडे वळला, तर फेस मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला होता. अशा वेळी खांदे आणखी डावीकडे वळवून मारणं ही नवख्यांची हमखास चूक. मार्ग अजून डावीकडे जातो आणि स्लाइस, म्हणजे चेंडूचं हे उजवीकडे वळणं, वाढतो. आधी ग्रिप (क्लबची पकड) तपासा: क्लब डाव्या तळव्यात नको, बोटांत हवा, आणि वरून बघताना डाव्या मुठीची २-३ हाडं दिसायला हवीत.

चेंडू उचलायला जाऊ नका, ते काम लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या तिरकेपणाचं. गवतावरची क्लबची खूण चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उमटली पाहिजे. मागे उमटली, तर बहुतेकदा वजन मागच्या पायावरच राहिलेलं असतं.

प्रशिक्षकाने किती स्पर्धा जिंकल्या यापेक्षा चेंडू असा का गेला हे तो समजावतो का, ते बघा. एका तासात एकच बदल सांगणारा प्रशिक्षक धरून ठेवा!