जहाज थांबतं नऊ तास, हातात येतात सहा

थंडीची चाहूल लागली की आमच्या ठाण्याच्या ऑफिसात आखाती क्रूझची चौकशी सुरू होते. ऑक्टोबर ते एप्रिल हाच तिकडचा हंगाम. उन्हाळ्यात तिथे चाळिशीपार पारा आणि वर समुद्राची दमट हवा, त्यामुळे बहुतेक जहाजं तेव्हा दुसऱ्या समुद्रांत निघून जातात. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक दुबईच्या थांब्याबद्दलचे होते. त्यातले काही घेते.

आम्ही दोघं दोह्यात मुलाकडे जाऊन तिथूनच जहाजात चढणार आहोत. दुबईत जहाज सकाळी ९ ते संध्याकाळी ६ थांबणार आहे. नऊ तासांत काय काय होईल? जहाजाची सहल घ्यावी की स्वतः फिरावं? (वाशी)

नऊ तास विसरा. जहाज ९ला लागलं तरी कागदपत्रं, रांग आणि शटल बस धरून तुम्ही बंदराच्या गेटाबाहेर पडाल तेव्हा दहा वाजून गेलेले असतील. परतीची वेळ ६ची असली तरी ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतलेलं असण्याची वेळ, तासभर आधी असते. म्हणजे साडेचारला तुम्ही परतीच्या वाटेवर हवेत. उरले सहा तास, आणि त्यात जेवणही आलं.

आणखी एक फट घड्याळात आहे. दोहा आपल्या अडीच तास मागे, दुबई दीड तास. म्हणजे वाटेत एक तास पुढे सरकतो. जहाजावर आदल्या रात्री तशी सूचना देतात, पण मनगटावरचं घड्याळ आणि फोन कधी कधी वेगवेगळी वेळ दाखवतात. उतरताना दारापाशी ‘जहाजाची वेळ’ लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही. धक्क्यावरून पिशव्या सांभाळत पळत येणारी माणसं आणि डेकवरून त्यांना टाळ्या वाजवणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन्हींत आपण नसावं.

तरीही तुम्ही चालते-फिरते असाल तर दुबईत स्वतःच फिरा, असंच मी सांगेन. आधी तिकिटावर बंदराचं नाव बघा. मीना राशिद असेल तर जुनं शहर टॅक्सीने अगदी जवळ. ‘दुबई हार्बर’ असेल तर तुम्ही पाम जुमेराच्या शेजारी उतरणार, आणि जुनं शहर तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. मग पुढे सांगते तो क्रम उलटा करावा लागेल, किंवा एकच बाजू निवडावी लागेल.

मीना राशिद धरून सांगते. टॅक्सीने थेट अल फहिदी गाठा. याच भागाला बस्तकिया म्हणतात, कारण इराणच्या बस्तक गावचे व्यापारी इथे येऊन राहिले. घरांवर चौकोनी मनोरे दिसतील, ते ‘बार्जील’. मनोऱ्याच्या आत फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या उभ्या भिंती असतात. वारा कुठूनही आला तरी एका कप्प्यातून खाली खोलीत उतरतो आणि गरम हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. एखाद्या मनोऱ्याखाली जाऊन उभ्या राहा, टाळूवर झुळूक लागेल. एसी येण्याआधी या शहरात माणसं कशी राहिली, याचं उत्तर तिथे उभं राहून मिळतं.

मग खाडी ओलांडायची ती अब्रातूनच. अब्रा म्हणजे लाकडी होडी. मधोमध बाक, त्यावर पाठीला पाठ लावून बसायचं, तोंड पाण्याकडे. नावाडी मधल्या खड्ड्यात उभा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने गेलेल्यांना डिझेलचा वास ओळखीचा वाटेल. भाडं एक दिरहम. नाणं आधी काढून हातात ठेवा. त्यावर कॉफीची चोचवाली किटली आहे, ती नीट बघून मग द्या. पलीकडे देरा: मसाल्यांचा बाजार, त्याच्या पुढे सोन्याचा. किनाऱ्याला लाकडी गलबतं लागलेली असतात. फ्रिजपासून टायरपर्यंत काहीही चढत असतं.

या खाडीसाठीच हे शहर आहे. गाळ साचून ती बुजत चालली होती, तेव्हा दुबईचे त्या वेळचे शासक शेख राशिद यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन ती उपसून घेतली. १९६०च्या आसपासची गोष्ट, आणि दुबईत तेल सापडलं १९६६मध्ये. म्हणजे आधी बंदर, मग तेल. व्यवहार तेव्हा चालायचा रुपयांत! १९५९पासून तर आखातासाठी खास ‘गल्फ रुपया’ आपल्या रिझर्व्ह बँकेनेच छापला. १९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनेही रुपया सोडला. त्याआधी आखातातले मोती विकायला मुंबईलाच यायचे. आपल्याकडचा माणूस इथे पाहुणा वाटत नाही, त्याचं कारण हे सगळं आहे.

देऱ्यातून अल रास स्टेशनवर या आणि मेट्रो घ्या. गाडी खाडीच्या खालून जाते. बुर्जुमानला ग्रीन लाइन सोडून रेड लाइन पकडा, ती बुर्ज खलिफा–दुबई मॉल स्टेशनला नेते. तिथून मॉलपर्यंत एसी पूल आहे, पण पाऊण-एक किलोमीटरचा, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवावं. मेट्रोच्या भाड्यासाठी लागणारं नोल कार्ड स्टेशनवर मिळतं. गाडीत लेडीज डबा असतो, आणि अहो चुकून त्यात चढले तर दंड, हे वाशीकरांना वेगळं सांगायला नको. खाणं-पिणंही बंद, च्युइंगगमसुद्धा.

बुर्ज खलिफाच्या वर जावं का? ८२८ मीटर उंची खालून मान वर करून जास्त कळते. वर जायचंच तर १२४व्या मजल्याचं तिकीट आधी काढा, वेळेसकट. सूर्यास्ताची वेळ महाग असते, आणि तुम्हाला तेव्हा जहाजावर असायचं आहे. माझं मत विचाराल तर ते पैसे राखा आणि अल फहिदीजवळच्या मीना बाजारात जेवा. तिथे तासभर कमी पडतो.

जहाजावरच राहायचं असलं तरी व्हिसा लागतो का? (कोपरखैरणे)

लागतो, असंच धरून चला. जहाज कंपनी चढतानाच व्हिसा बघते आणि नसेल तर धक्क्यावरूनच परत पाठवते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुबईत चढून मस्कत किंवा दोहा करून पुन्हा अमिरातीत येणार असाल तर एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. एजंटला ‘मल्टिपल एंट्री’ हा शब्द वापरूनच सांगा आणि व्हिसा हातात आला की तो शब्द वाचून बघा. पासपोर्ट कधी कधी जहाज आपल्याकडे ठेवून घेतं, म्हणून झेरॉक्स जवळ असू द्या.

दिवाळीनंतर निघतोय. सोबत अनारसे आणि थोडा गोडा मसाला नेला तर चालेल का? सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्याही आहेत. (नौपाडा, ठाणे)

अनारसे घरीच खाऊन निघा. चेष्टा नाही करत. खसखस अमिरातीत अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. अनारशावर खसखस असतेच, आणि गोडा मसाल्यात काही घरांत ती भाजून घालतात. तुमच्या डब्यातल्या मसाल्यात ती आहे का, हे सासूबाईंनाच विचारा. पण विचारण्यापेक्षा डबा घरीच ठेवणं सोपं. विड्याची पानंही नकोत, तीही बंदीच्या यादीत आहेत. तसंही बहुतेक जहाजं घरचं शिजवलेलं अन्न वर चढवू देत नाहीत. कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर बोला.

गोळ्यांचं जपून करा. झोपेच्या काही गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं यांवर तिथे नियंत्रण आहे. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासकट इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि त्यांच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर आधीच परवानगीचा अर्ज करा. गोळ्या मूळ पट्टीतच न्या. आठवड्याच्या कप्प्यांची डबी इथे सोयीची, तिथे अडचणीची.

लग्नाचं आहे, दुबईत तोडे घेतले तर किती वाचतील? (घोडबंदर रोड)

पूर्वीइतके नाही. २०२४च्या जुलैत आपल्याकडे सोन्यावरचं आयातशुल्क १५वरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हा मोठा फरक मिटला. पुरुषाला २० आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात असं सगळे सांगतात, पण ती सवलत वर्षभराहून जास्त परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. शुल्काचा कमी दरसुद्धा सहा महिने बाहेर राहिलेल्यांना मिळतो. आठवड्याभराच्या प्रवाशाला चढा दर लागतो.

तरी घ्यायचेच असतील, तर ग्रॅमचा भाव सगळ्या दुकानांत सारखाच असतो. घासाघीस करायची ती घडणावळीवर. नक्षी नाजूक तशी घडणावळ जड. तिथला ५ टक्के व्हॅट पर्यटकाला बराचसा परत मिळतो, पण पासपोर्ट दाखवून तसं बिल करून घ्यावं लागतं आणि निघताना वस्तू दाखवावी लागते. हे सगळं त्या सहा तासांत बसवायचं आहे. आणि जाताना अंगावर जे घालून जाल, त्याचे फोटो आणि बिलं फोनमध्ये ठेवा, नाहीतर मुंबईत उतरल्यावर स्वतःच्याच पाटल्यांचा खुलासा करत बसाल.

आई ७४ वर्षांची, मणक्याचा त्रास आहे. तिला वाळवंट बघायचंय. सफारी झेपेल का? (नेरूळ)

टेकड्यांवर गाडी उडवणारी सफारी नाही झेपणार. वाळूत शिरण्याआधी ड्रायव्हर चारही चाकांतली हवा सोडतो, फुस्स आवाज येतो, आणि मग पुढचा अर्धा तास माणूस सीटवर कमी आणि छताजवळ जास्त असतो. हृदयविकार, मणका, गरोदरपण असेल तर नेणारेच नको म्हणतात. शिवाय लाहबाबच्या तांबड्या टेकड्यांपर्यंत जाण्या-येण्यातच तुमच्या थांब्याचा मोठा भाग संपतो. टेकड्यांवर न चढणारी गाडी मागा, रस्त्याच्या कडेला उतरून आईंना वाळूत दहा पावलं चालू द्या. वाळूत अनवाणी पाय ठेवला की हौस फिटते.

जहाज अबुधाबीलाही थांबणार असेल, तर त्यांना शेख झायेद मशिदीत न्या. ८२ घुमट, आणि हातांनी विणलेला साडेपाच हजार चौरस मीटरहून मोठा गालिचा. प्रवेश फुकट, पण नोंदणी आधी ऑनलाइन. आत बरंच चालावं लागतं, व्हीलचेअर आणि छोट्या विजेच्या गाड्या मिळतात, मागायला लाजू नका. कपडे मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारे, बायकांना डोक्यावरही. पूर्ण बाह्यांचा सैल पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी सोयीची पडते.

तिथून नातवाला व्हॉट्सॲप कॉल लागेल ना? (कळवा)

मेसेज आणि फोटो जातील, कॉल धरून बसू नका. अमिरातीत तो सहसा लागत नाही. खरा धोका समुद्रात आहे. किनारा सुटला की फोन आपोआप जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो, आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये नसतात. मी पहिल्या खेपेला फोन उशाशी तसाच चालू ठेवून झोपले. एकही फोन केला नाही, फक्त आलेले मेल उतरत राहिले, आणि घरी आलेल्या बिलात माझं जाण्याचं विमानभाडं निघालं असतं. फोन कंपनीशी महिनाभर भांडून अर्धे पैसे परत आले. शिडी चढताच एअरप्लेन मोड लावा.

आम्ही ऐरोलीला दर वर्षी फ्लेमिंगो बघतो. दुबईच्या खाडीतही असतात म्हणे? (ऐरोली)

असतात, आणि हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला. मूळची खाडी जिथे शहरात आत संपायची तिथे रास अल खोर अभयारण्य आहे. २००७पासून रामसर स्थळ, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत. आपली ठाणे खाडी त्या यादीत २०२२मध्ये गेली. थंडीचे महिने तिथेही तेच. फरक पक्ष्यांत आहे. आपल्याकडे जास्त करून छोटा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो), गडद चोचीचा, निळं-हिरवं शेवाळ गाळून खाणारा. तिथे मोठा रोहित: उंच, फिकट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. बघायला होडी नाही, लाकडी आडोसे बांधलेले आहेत, त्यांच्या झरोक्यातून बघायचं. टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवा, परतीला गाडी पटकन मिळत नाही. दुर्बीण घरची न्या. आणि फोटो काढताना थोडं उजवं-डावं सरकून बघा: चिखलात एका पायावर उभा रोहित आणि मागे बुर्ज खलिफा, दोन्ही एका चौकटीत येतात.