अमली पदार्थांच्या कायद्यावर कादंबरी लिहावी का, आणि ती स्वखर्चाने छापावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी सिन्नरला राहतो. एका व्यसनी तरुणावर कादंबरी लिहिली आहे. प्रकाशक मिळत नसल्याने स्वतः छापण्याचा विचार आहे. आपण नाशिकमध्ये हेच केले आहे असे कळले. या कायद्यात बदल व्हावा असे आपल्याला वाटते का, आणि ते मत कादंबरीत मांडावे का?”

पंचवटीत गेली सत्तावीस वर्षे माझे औषधांचे दुकान आहे. २०२१ साली मी एक कादंबरी स्वखर्चाने काढली, तिच्या पाचशे प्रती छापल्या. नाव सांगत नाही, नाहीतर उत्तराची जाहिरात होईल. कथा एका मुलाची आहे. तो झोपेच्या गोळ्यांपासून सुरुवात करतो, पुढे एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पुडीच्या, पुडीपर्यंत पोहोचतो आणि त्यानंतरची अडीच वर्षे त्याची आई तारखांना हजर राहते. कायद्याविषयीचे माझे मत दुकानाच्या गल्ल्यावर बसून तयार झाले आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

अल्प्राझोलाम ही चिंता आणि निद्रानाशावर दिली जाणारी साधी, स्वस्त गोळी आहे. आमच्याच जिल्ह्यात मालेगावकडे तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, हे आपल्या कानावर असेलच. आम्ही ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देतो आणि प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करतो. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. चिठ्ठीशिवाय ती बाळगली, तर मात्र १९८५ चा कायदा लागतो, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात आणि ज्याचे अधिकृत मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असे दमछाक करणारे आहे. या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. अल्प्राझोलामसाठी अल्प प्रमाणाची मर्यादा ५ ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाणाची १०० ग्रॅम आहे. ऐकायला हे उदार वाटते, कारण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत औषध इतके नगण्य असते की ५ ग्रॅम शुद्ध औषध व्हायला दहा हजार गोळ्या लागतील. पण नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने हे वजन शुद्ध औषधाचे न धरता संपूर्ण मिश्रणाचे, म्हणजे गोळीतल्या स्टार्चसकट धरायचे असे ठरवले, आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात मिश्रणाचे पूर्ण वजन मोजण्यावर शिक्कामोर्तब केले. एक गोळी सव्वाशे मिलिग्रॅमची धरली, तर चाळीस गोळ्यांत, म्हणजे चार पट्ट्यांत, अल्प प्रमाण संपते. आठशे गोळ्यांच्या पुढे व्यावसायिक प्रमाण सुरू होते आणि तिथे किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. त्या आठशे गोळ्यांतले प्रत्यक्ष औषध अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरते. हा हिशेब मी एका दुपारी चिठ्ठीच्या पाठीवर मांडला होता. तो कागद अजून माझ्याकडे आहे, आणि कादंबरीची सुरुवात खरे तर तिथे झाली.

व्यावसायिक प्रमाणाच्या खटल्यात कलम ३७ लागते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटेपर्यंत जामीन देता येत नाही. खटला उभा राहण्याआधीच एवढी खात्री कोणाची पटणार? शिवाय आरोपीच्या मनात हेतू होता असे कायदा गृहीत धरतो, तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे असते. मूळ कायदा आणि १९८९ ची दुरुस्ती याहून कडक होती. प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या २००१ साली आल्या, म्हणजे सुधारणा झालीच नाही असे म्हणणे खरे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली, त्यानंतर २०१४ च्या दुरुस्तीत ती न्यायालयाच्या इच्छेवर सोडण्यात आली.

मला बदल हवा आहे, पण तो कुठवर हवा ते नीट सांगतो. ज्याने स्वतः घेण्यासाठी पुडी बाळगली, त्याला तुरुंगात पाठवू नये. सध्या कलम २७ प्रमाणे हेरॉइन, कोकेन, मॉर्फिनच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत आणि इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ६४अ मध्ये एक वाट ठेवलेली आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र ही वाट केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याला खुली आहे. एमडीचे अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत आहे. माझ्या नायकाच्या पुडीत ३ ग्रॅम पूड होती, त्यातही भेसळ किती होती देव जाणे, पण भेसळीचेही वजन धरल्यामुळे ही वाट त्याला बंद झाली आणि दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे कलम लागले. कादंबरीसाठी मी जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर जे दिवस काढले, त्यांत ६४अ चा उच्चार एकदाही ऐकला नाही.

गांजाबद्दल आपण विचारले नाहीत, तरी एक सांगतो. १८९३–९४ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांवर आयोग नेमला, हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल काढला आणि निष्कर्ष असा निघाला की माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी करू नये. आजच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग या कायद्यातून सुटते. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्राममध्ये चिलमी कशा फिरत होत्या हे आम्ही पंचवटीकरांनी पाहिले आहे, आणि बंदोबस्तावरचे पोलीस कुठे पाहत होते तेही पाहिले आहे. साधूंना पकडा असे मी म्हणत नाही. तशीच नजर कॉलेजच्या मुलाकडे का वळत नाही, एवढेच मी त्या वेळी वहीत लिहून ठेवले होते.

कारखानदार आणि पुरवठादार यांच्याबाबत मात्र माझे मत पूर्वीपेक्षा कठोर झाले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आमच्या नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडी तयार करणारा कारखाना पकडला. तोवर हा पदार्थ मुंबईहून इकडे येतो अशी आमची समजूत होती, माझ्या कादंबरीतही तो मुंबईहूनच येतो. परदेशांचे दाखले देणाऱ्यांनी दोन्ही बाजू वाचाव्यात. पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतके प्रमाण बाळगणे गुन्ह्यातून काढले. पकडलेला माणूस न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जातो आणि तिथे त्याच्या उपचाराचा विचार होतो. विक्री तिथेही गुन्हाच आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२० च्या मतदानाने अशीच सूट दिली, परंतु उपचारांची सोय मागेच राहिली, रस्त्यांवरचे सेवन लोकांच्या डोळ्यांवर आले आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे तिथे पुन्हा गुन्हा झाले. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून जे काम करते आहे, तशी विश्वासाची केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात आधी उभी राहिली, तरच कलम २७ काढण्याला अर्थ आहे, आणि हा क्रम उलटा झालेला मला चालणार नाही.

आता हे सगळे कादंबरीत मांडावे का? मी मांडले होते. पहिल्या खर्ड्यात एक निवृत्त प्राध्यापक गोदाघाटावर बसून नऊ पाने बोलतो, अगदी वसंत व्याख्यानमालेला आल्यासारखा. माझ्या पत्नीने ती पाने वाचून फक्त विचारले, “हा मनुष्य मध्येच कोण?” प्राध्यापक गेले. त्यांची मते वर आपण वाचलीतच.

मत काढून टाकले तरी कायदा कथेत राहतो, आणि तो चुकला तर कथा कोसळते. माझ्या नायकाला द्वारका चौकात पकडतात आणि पुडी त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये सापडते, असे मी लिहिले होते. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा तुझा हक्क आहे, असे पोलिसांनी त्याला सांगितले नाही, म्हणून कलम ५० चा भंग झाला आणि शेवटी तो सुटला. तीन प्रकरणे या एका गाठीवर उभी होती. अक्षरजुळणी पूर्ण झाल्यावर मी पाने न्यायालयातल्या एका निवृत्त शिरस्तेदारांना दाखवली, तेही शुद्धलेखनासाठी. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवले आणि म्हणाले, “अहो, कलम ५० अंगझडतीला आहे, पिशवीला नाही. तुमचा मुलगा आत जाणार.” सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच हे स्पष्ट केले होते. मी दोन दिवस दुकानातही धड बोललो नाही. मग पुडी सॅकमधून काढून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि नवीनच अडचण उभी राहिली: शर्ट धुण्याआधी त्याची आई प्रत्येक खिसा चाचपून पाहते, हे मी पहिल्याच प्रकरणात लिहून बसलो होतो. म्हणजे पुडी आईला आधीच सापडली असणार. सापडली, तिने ती हातात घेतली, आणि परत खिशात ठेवली. हा प्रसंग मला कधीच सुचला नसता. वाचकांची जी काही पत्रे आली, ती बहुतेक याच पानाबद्दल आहेत.

स्वतः छापण्यात हाच धोका असतो, की चूक पकडणारा कोणी पगारी माणूस नसतो. बाकीचे पटकन सांगतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी पाहा. मी घाईत पाहिली नाही. २४० पानांची, डेमी आकाराची, सोळा पानी पंधरा फॉर्मची पाचशे प्रतींची आवृत्ती मला मुखपृष्ठ आणि जुळणीसह ७१ हजारांना पडली. किंमत ३०० रुपये ठेवली. विक्रेत्याचे ४५ टक्के, ग्रंथालयांची सवलत आणि पार्सलचा खर्च वजा जाता हातात येते ते मोजण्यासारखे नाही. चार वर्षांत ३४० प्रती गेल्या, त्यांतल्या साठेक मी भेट दिल्या. राहिलेले गठ्ठे दुकानाच्या माळ्यावर सलाइनच्या खोक्यांशेजारी आहेत. यावर घर चालत नाही, घर दुकानावर चालते. लिहिणे पहाटे पाच ते सात, शटर उघडण्यापूर्वी होते आणि रविवारी सार्वजनिक वाचनालयात बसून वाचणे होते.

अक्षरजुळणी करणाऱ्याकडे मजकूर देताना मात्र डोळ्यांत तेल घाला. आपण युनिकोडमध्ये लिहिणार, तो छपाईच्या जुन्या फाँटमध्ये बदलणार, आणि या बदलात ऱ्या हमखास मार खातो. माझ्या कादंबरीत व्यसनमुक्ती केंद्रातला मुलगा मीठ कमी पडले म्हणून आचाऱ्याला शिवी देतो. छापील पुस्तकात ती शिवी थेट आचार्याला बसली आहे. एका वाचकाने पत्राने विचारले की केंद्रात आचार्य कोण होते, आणि ते आध्यात्मिक उपचारांवरील टीका आहे का.

आपल्या कथेत झडती, पंचनामा किंवा जामीन असेल, तर तेवढी प्रकरणे छपाईपूर्वी फौजदारी कामकाज पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या आणि फी विचारायला संकोच करू नका. माझ्या शिरस्तेदारांनी एक मिसळ आणि छापील प्रत यांवर भागवले. महिन्याभराने ती प्रत त्यांनी परत पाठवली, समासात पेन्सिलीने आणखी अकरा चुका काढून.