घरकाम करणाऱ्या ताईंना इंग्रजी शिकवायचंय, पहिल्या दिवशी एबीसीडी घेऊ का?

प्लीज नका घेऊ. मिक्सर, सिलेंडर, लिफ्ट, रिचार्ज, वॉचमन असे कितीतरी शब्द ह्या ताईंच्या तोंडात आधीच आहेत, तेच फळ्यावर लिहा आणि त्यातूनच अक्षरं ओळखायला लावा, आपल्याला काहीतरी येतंय हे पहिल्या दिवशी कळलं ना की बाई दुसऱ्या दिवशी येतेच.

मग ओपन द डोअर, गिव्ह मी द बॉटल असं तुम्ही बोलायचं आणि त्यांनी फक्त ते करायचं, बोलायची जबरदस्ती नाही. जेम्स ॲशर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात ती हीच पद्धत, आणि मोठ्या माणसांना बोलायची जी लाज वाटते ना ती ह्याने खरंच कमी होते.

आकड्यांना मात्र भरपूर वेळ द्या. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि ट्वेंटी फाइव्हमध्ये वीस आधी, त्यामुळे ऐकून लिहायला सांगितलं की २५ चे ५२ होऊ शकतात, शिवाय फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखंच लागतं. पगाराच्या बोलण्यात ही गडबड महागात पडते हो! फ्लॅट नंबर, बसचा नंबर, स्वतःचा मोबाईल नंबर डबल-ट्रिपलसकट म्हणून घ्या.

ग्रामर सध्या राहू द्या. ‘टुमॉरो आय नो कम’ असं कुणी म्हणाली तर आधी शाबासकी द्या, मग तेच वाक्य तुम्ही नीट म्हणून दाखवा, बास.